रांगेच्या पुढे मेश्राम सर

शनिवार, १० जून २०१७, आखन, जर्मनी. हजर: डॉ. सुधाकर मेश्राम, रांगेच्या पुढे. त्यांच्या पत्नी रजनीताई, त्यांच्या मागे. गौरव शेळके, सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारा सांगलीचा मुलगा, तिसरा. मी, नीलिमा, आदल्या दिवशी एश्बॉर्नहून आलेली, शेवटी. फ्राऊ लिंडनर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, व्हॅन चालवायला. गैरहजर: सरांची मुलगी. तिने परीक्षेचं कारण दिलं होतं, जर्मनमध्ये. सरांनी ‘बरं बा’ म्हटलं होतं, मराठीत.

जायचं होतं ड्रेस्डेनपर्यंत, म्हणजे देशाच्या एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत, वाटेतल्या शाळांवर थांबत. इथे चौथीतल्या मुलांची सायकलची परीक्षा असते. पोलीस शाळेत येतात, वळताना हात कसा दाखवायचा, कुणाला आधी जाऊ द्यायचं, हे सगळं तपासतात. त्या वर्षांत सीरियातून आणि अफगाणिस्तानातून आलेली मुलं वर्गावर्गांत बसली होती. परीक्षेच्या दिवशी वर्ग सायकली घेऊन मैदानावर गेला की ही मुलं खिडकीशी उभी राहत. मेश्राम सरांनी हे एका शाळेत पाहिलं आणि त्या हिवाळ्यात त्यांच्या इमारतीचं तळघर, म्हणजे केलर, लोकांनी टाकून दिलेल्या सायकलींनी भरलं. हिवाळाभर दुरुस्ती करायची, उन्हाळ्यात त्या व्हॅनमध्ये घालून शाळाशाळांत पोचवायच्या आणि आपण स्वतः सायकलने सोबत जायचं. ओळखीचे लोक आम्ही कापलेल्या किलोमीटरमागे काही पैसे देत. त्यातून हेल्मेटं आणि कुलपं येत. मुक्काम, शाळांशी पत्रव्यवहार, औषधं, पंक्चरचं सामान हे माझ्याकडे. सर मला ‘शेपूट’ म्हणत. कुणी काही विचारलं की म्हणत, शेपटीला विचारा, तिला सगळं ठाऊक असतं.

सर साठीला टेकलेले, उंच, सडपातळ. पाठ इतकी ताठ की सायकलवर ते बसलेले नव्हे, उभे केलेले वाटत. आखनच्या एका संस्थेत त्यांचं काम धातूंवर होतं. पूल, रूळ, यंत्राचे दांडे वर्षानुवर्षं भार सोसतात आणि एके दिवशी मोडतात, ते का, हा त्यांचा विषय. कुणाशीही बोलताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: “धातू एकदम तुटत नाही. पुष्कळ दिवस सांगत असतो. ऐकणारा पाहिजे.” विद्यार्थी त्यांच्या माघारी याची नक्कल करत. गौरव तर चहात बिस्कीट पडलं तरी म्हणे, एकदम नाही पडलं, सांगत होतं.

रांगेचे नियम सरांचे होते. कुणीही कुणाच्या शेजारून चालवायचं नाही. कुणीही सरांच्या पुढे जायचं नाही. वाटेत खड्डा, खांब, कुत्रा, गाडी, काहीही आलं की पुढच्याने ओरडून सांगायचं आणि ते शब्द एकाने दुसऱ्याला देत शेवटपर्यंत पोचवायचे. त्यामुळे मला शेवटी बसून सगळा रस्ता आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. आणि ऐकू यायचा तो बहुतेक रजनीताईंच्या आवाजात.

“अहो, डावीकडे खांब.” “अहो, मूल आहे, हळू.” “अहो, लाल झालाय.” बाई बोलायच्या थांबत नसत. गौरव त्यातला ‘अहो’ वगळून उरलेलं माझ्याकडे पाठवी. पहिल्या दिवशी दुपारी झाडाखाली डबा खाताना तो म्हणाला, “काकू, घरी तरी सरांना एकटं वळू देता का?”

रजनीताई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, “घरी दारं ठरलेल्या जागी असतात.”

आम्ही हसलो. सरही हसले. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईचं नवऱ्यामागचं बोलणं कसं असतं, ते आमच्या दोघांच्याही ओळखीचं होतं, त्यामुळे ते वेगळ्या कानाने ऐकायचं आम्हाला सुचलंच नाही. फ्राऊ लिंडनरना मराठी येत नव्हती. त्यांनी मला इतकंच विचारलं की त्या बाई दिवसभर त्यांना काय सांगत असतात. मी म्हटलं, संसार.

शाळांत सर वेगळेच होत. कोलोनच्या पुढच्या एका शाळेत मुख्याध्यापिका हात पुढे करून आल्या आणि सर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नम्रपणे मान लववून तसेच उभे राहिले. हात हवेत राहिला. बाईंनी तो मागे घेतला. त्यांचा समज झाला असणार की हा कुणीतरी बायकांच्या हाताला न शिवणारा गृहस्थ आहे. मी घाईघाईने पुढे होऊन दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. सरांना यातलं काही कळलं नाही. ते मुलांकडे निघालेसुद्धा होते.

मुलांना ते वळताना मागे बघायला शिकवत. जर्मनमध्ये त्याला शुल्टरब्लिक म्हणतात, खांद्यावरून मागे टाकायची नजर. इतर लोक जरा मान वळवून दाखवतात. सर कमरेपासून सगळं अंग फिरवत, हनुवटी खांद्याच्याही पलीकडे नेत, घुबडासारखे. मुलं खिदळत आणि तसंच करत. “डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मान फिरवा,” असं ते जर्मनमध्ये सांगत. शिक्षिका हे वाक्य फळ्यावर लिहून घेत.

सायकल देताना मात्र त्यांचा एक रिवाज होता. ब्रेक, कुलूप, हेल्मेट सगळं नंतर. आधी मुलाला घंटी वाजवू द्यायची, त्याला हवा तितका वेळ. एका शाळेत रिमा नावाची मुलगी इतका वेळ वाजवत राहिली की वर्गशिक्षिकेने कानांवर हात ठेवले. सर शांत उभे. त्या दिवशी गौरवने वाटेत विचारलं, सर, हे घंटीचं काहून? सरांच्या विदर्भी बोलीची तो मुद्दाम नक्कल करायचा. सर सायकल न थांबवता म्हणाले, “आमच्या गावात मास्तरांची एक सायकल होती. सुट्टीत वर्गातली सगळी पोरं तिची घंटी वाजवत. आमच्या वस्तीतल्यांना हात लावायचा नाही असं होतं.” गौरवने हे शब्द मागे माझ्यापर्यंत पोचवले, खड्ड्याचे पोचवावे तसे. पुढून रजनीताईंचा आवाज आला. “अहो, पूल आलाय, अरुंद आहे.”

एश्बॉर्नला मुक्काम माझ्या घरी होता. संध्याकाळी एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनवरून घरी येताना सरांनी फलाटाच्या पार टोकाची पाटी वाचून दाखवली, कुठली गाडी किती उशिरा आहे ते. आम्हा बाकीच्यांना ती अक्षरं नुसती पुसट पिवळी दिसत होती. गौरव म्हणाला, सरांचे डोळे म्हणजे दुर्बीण आहे. घरी जेवताना त्याच सरांचा डावा हात आमटीच्या वाटीत गेला. पुन्हा पाण्याच्या ग्लासला लागला. माझा मुलगा बाजूने पोळी वाढत उभा होता आणि सर त्याला न बघता समोर माझ्या नवऱ्याशी रुळांच्या भेगांबद्दल बोलत होते. रजनीताईंनी ग्लास उचलला, त्यांच्या हातात दिला, आणि हे इतक्या सराईतपणे केलं की ते दिसलंच नाही.

फ्राऊ लिंडनरना दिसलं. भांडी आवरताना त्यांनी गौरवला आणि मला सरळ सांगितलं की श्री. मेश्राम यांना बाजूचं दिसत नाही, मी आयुष्यभर मुलं सांभाळली आहेत, न दिसणारं मूल मला ओळखता येतं, आणि अशा माणसाने रांगेच्या पुढे असू नये. गौरवचा चेहरा लाल झाला. तो मला मराठीत म्हणाला, “हे लोक काहीही तोंडावर बोलतात. सरांना असं कोण विचारणार?”

मी विचारलं. सकाळी, चहा देताना, मला जमतं तसं: सर, डोळे शेवटचे कधी तपासले? सर म्हणाले, टेर्मिन मिळालाय की, ऑक्टोबरचा. डोळ्यांना सांगून ठेवलंय, तोवर थांबा. जर्मनीत डॉक्टरांचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, महिनोन्महिने मिळत नाही, त्याचे विनोद सगळेच करतात, म्हणून मीही हसले आणि औषधांच्या पिशवीत पट्ट्यांचं आणखी एक पाकीट टाकलं. रजनीताई टेबलावरचा रुमाल घडी घालून पुन्हा उलगडत होत्या.

फुल्डाच्या पुढे डोंगर लागतात. तिथल्या चढावर रजनीताईंचा गुडघा गेला. सुजून भोपळ्यासारखा झाला. डॉक्टरने सायकल बंद केली. त्या व्हॅनमध्ये फ्राऊ लिंडनरच्या शेजारी बसल्या आणि दार लावायच्या आधी गौरवला म्हणाल्या, “आता तू दुसरा. बोलत राहा.”

“काकू, मी पण अहो म्हणू का?”

त्या हसल्या नाहीत. “काहीही म्हण. बोलत राहा.”

व्हॅन पुढे निघून गेली. आम्ही तिघं उरलो, आणि मला सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. थुरिंगियातले ते रस्ते सुंदर आहेत, दोन्हीकडे उंच गवत, मध्ये झाडांच्या सावल्या. सर आता खूप हळू चालवत होते आणि वाटेच्या अगदी मधून. झाडांखाली ऊन-सावलीचे ठिपके आले की त्यांचं हँडल थरथरे. एकदा त्यांचा उजवा खांदा कुंपणाच्या काट्यांना घासून गेला, शर्ट फाटला, त्यांनी वळून पाहिलं नाही. एक बाई कुत्रा घेऊन गवतात उभी होती. सर तिच्या इतक्या जवळून गेले की तिने कुत्र्याला उचललं. गौरव नेहमीसारखा पुढून शब्द यायची वाट बघत होता, आणि पुढून एकही शब्द आला नाही. ना खांब, ना कुत्रा, ना वळण. इतके दिवस मी जो रस्ता ऐकत होते त्यातला एकही शब्द सरांचा नव्हता. तो रोज दुसऱ्या सायकलवरून सुरू होत होता. शेवटी असल्यामुळे हे मलाच सगळ्यात आधी कळायला हवं होतं, पण ‘अहो’ने सुरू होणारी गोष्ट आमच्यात कुणी नीट ऐकत नाही.

मी घंटी वाजवून सगळ्यांना थांबवणार इतक्यात ते झालं. शेतातल्या गाड्या सायकलच्या वाटेवर शिरू नयेत म्हणून मध्ये लोखंडी खांब रोवलेले असतात. सर दोन खांबांच्या मधून सुटून गेले, केवळ नशिबाने. त्यांच्या चाकाला चाक लावून, त्यांच्यावर भरवसा ठेवून चाललेला गौरव खांबावर आदळला.

मनगट मोडलं. कडेच्या गवतात झोपवलं तेव्हा तो मला म्हणाला, “सर सांगायचे विसरले असतील. त्यांना काही बोलू नका.”

दवाखान्यात त्याच्या हाताला प्लास्टर घालत होते तेव्हा मी आणि रजनीताई बाहेरच्या बाकावर बसलो. सर आत गौरवजवळ होते. मी काही विचारायच्या आधी त्या म्हणाल्या, “नळीतून बघतात ना, तसं दिसतं त्यांना. समोरचं स्वच्छ. बाजूला काही नाही. अंधार पण नाही म्हणतात. नुसतं नाही. आणि ती नळी बारीक होत चाललीय.”

गाडीचं लायसन्स त्यांनी आपण होऊन परत केलं होतं. मुलीला, संस्थेला कुणाला सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरचा टेर्मिन खरा होता, पण तो पहिला नव्हता. सायकल सोडा असं रजनीताईंनी म्हटल्यावर सर म्हणाले होते, ही एक राहू दे, तू आहेस ना मागे. आणि त्या हो म्हणाल्या होत्या.

“सगळे मला हसतात ते मला कळतं, नीलिमाताई. हसू देत म्हटलं. हसणारा माणूस विचारत नाही.”

मग त्यांनी खरी भीती सांगितली. ड्रेस्डेनच्या अलीकडे आमची शेवटची शाळा होती. तिथली चौथीची अख्खी तुकडी नव्या-जुन्या सायकलींवर सरांच्या मागे नदीपर्यंत येणार होती. पालकांना कळवून झालं होतं, फलक रंगवून झाला होता. सरांच्या मनात हा सगळा प्रवास त्या एका सकाळीसाठी होता. “मुलांच्या पुढे चालायचंय त्यांना, एकदा. पुढच्या वर्षी दिसणार नाही हे त्यांना माहीत आहे. मी मागे असते तर मी त्यांना नेलं असतं. आता मुलांचं काय?” त्यांनी माझा हात धरला. “तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ते ऐकतील. पण मग घरात आमच्यात काही उरणार नाही.”

गौरवच्या हाताचं निमित्त करून उरलेला रस्ता आम्ही व्हॅनने काढला, आणि शेवटच्या मुक्कामी, सकाळी अंगणात, मी सांगितलं. सर साखळीला तेल घालत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, दिसेन अशी.

“सर, आज तुम्ही पुढे नाही.”

“कोण म्हणतं? रजनी?”

“गौरवचं मनगट म्हणतं.”

तेलाची बाटली त्यांनी खाली ठेवली. जमिनीवर टेकेपर्यंत त्यांचा हात चाचपडत होता, ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. मग म्हणाले, “ठीक. मी शेवटी येतो. शेपटीची जागा मला द्या.”

पण शाळेच्या अंगणात सगळं वेगळं झालं. पालक जमले होते. फलकावर सरांचं नाव होतं. मुख्याध्यापकांनी भाषण केलं आणि मुलांनी एका सुरात सरांना पुढे बोलावलं. एका मुलाने त्यांचा हात धरून त्यांना रांगेच्या डोक्याशी नेलं. मी गर्दीतून त्यांच्याकडे निघाले. सरांनी माझ्या दिशेला मान वळवली नाही, आणि मी तेव्हा त्यांच्या बाजूला होते. एवढ्या लोकांत, मुलं टाळ्या वाजवत असताना, या माणसाला दिसत नाही असं मोठ्याने म्हणणं मला जमलं नाही. मी वर्गशिक्षिकेला गाठलं आणि कानात सगळं सांगितलं: तुम्ही दुसऱ्या राहा, त्यांच्यामागे मुलांना चिकटू देऊ नका, प्रत्येक चौकात तुमच्या डोळ्यांनी ठरवा. ती पांढरी पडली, पण लगेच सायकलवर बसली. मी शेवटी. माझ्यामागे व्हॅन, तिच्यात रजनीताई आणि हात गळ्यात बांधलेला गौरव.

मुलं फार शिस्तीत चालवत होती. वळणावर अंग फिरवून मागे बघत होती. गाव संपून नदीकडे उतार लागतो तिथे एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो. इथे सिग्नल चौकाच्या पलीकडे नसतो, थांबायच्या रेषेजवळ, बाजूच्या खांबावर असतो. तो लाल झाला. शिक्षिकेने हात वर केला, ‘हाल्ट’ म्हणाली, आणि रांग थांबली. प्रत्येक मुलाचा एक पाय जमिनीवर.

सर थांबले नाहीत.

ते त्याच ताठ पाठीने, त्याच संथ गतीने रस्त्यात शिरले. डावीकडून पेयांच्या क्रेट्सनी भरलेला ट्रक उतार उतरत होता. ब्रेकचा आवाज आला, बाटल्या एकमेकींवर आदळल्या, भोंगा वाजला. ट्रक जरा तिरपा होऊन थांबला. सरांनी आवाज ऐकून मान वळवली, पण उजवीकडे. मग पुन्हा सरळ केली आणि पलीकडच्या फुटपाथवरून नदीच्या वाटेला लागले. एका मुलाला रडू फुटलं. व्हॅनचं दार उघडून रजनीताई रस्त्यात उतरल्या होत्या आणि हाका मारत होत्या. अंतर फार होतं.

त्या वाटेवर दोन्हीकडे झाडं होती. मला ते पाठमोरे दिसत होते. त्यांचा डावा हात वर गेला, वळण आहे हे मागच्यांना सांगायला. थोड्या वेळाने उजवा हात खाली गेला, खड्डा दाखवायला. तिथे खड्डा नव्हता. मागे कुणीही नव्हतं. ते मोठ्याने काहीतरी म्हणत होते, एक एक शब्द सुटा, शिकवल्यासारखा.

दिवा हिरवा झाल्यावर मुलांना शिक्षिकेवर सोपवून मी त्यांच्यामागे गेले. नदीकाठी एका बाकाशी त्यांनी सायकल थांबवली होती. पाय टेकवून उभे होते, चेहरा पाण्याकडे. माझ्या चाकांचा आवाज ऐकून, मागे न बघता, खूप आनंदाने म्हणाले, “नीलिमाताई, पोरांना पाणी पिऊ द्या. मग निघू.”

मी ट्रकबद्दल सांगितलं, मुलांबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग सगळं अंग फिरवून मागे, रिकाम्या वाटेकडे, बराच वेळ बघत राहिले. त्यानंतर मी त्यांना सायकलजवळ पाहिलं नाही.

परतताना व्हॅन एश्बॉर्नवरून गेली. रजनीताईंच्या सांगण्यावरून सरांची सायकल मी दुरुस्तीच्या नावाखाली माझ्या केलरमध्ये उतरवून घेतली. तो प्रवास पुन्हा निघाला नाही. शाळांची पत्रं येतात, त्यांना मी त्या त्या आठवड्यात उत्तरं देते. गौरव आता ड्रेस्डेनला नोकरीला आहे. दर वसंतात सरांचा फोन येतो: जय भीम, शेपूट, ब्रेकचं काम झालं का? मी म्हणते, भाग मिळत नाहीये.

मागच्या आठवड्यात फोन आला तो वसंत उलटल्यावर आला. रजनी नागपूरला बहिणीकडे गेलीय, म्हणाले, उन्हाळाभर. तेवढ्यात सायकल पाठवून द्या, बेकरीपर्यंतच जायचं असतं, रस्ता पाठ आहे. मी विचारलं, दिसतं का आता काही? ते म्हणाले, समोरचं दिसतं. नेण्यासाठी एक कुरिअरवालाही त्यांनी ठरवून ठेवला होता, त्याचा नंबर मला लिहून घ्यायला लावला.

दोनदा फोन हातात घेतला. नागपूरला करायचा की आखनला, हे ठरलेलं नाही. सायकल खाली भिंतीला टेकून आहे आणि कुरिअरवाला गुरुवारी येणार आहे.